पडद्यावरची तांबडी फुलं

१

नाट्यगृहाच्या मालकाचा मृतदेह रंगमंचावर सापडला तेव्हा त्याचं डोकं माझ्या आजोबांच्या मांडीवर होतं. शेजारी आजोबांचाच हातोडा पडलेला. त्यांच्या शर्टाला रक्त, आणि मागे टांगलेल्या नव्याकोऱ्या पडद्यावरही रक्त. आजोबा त्या नाट्यगृहाचे सुतार. त्यात डोळ्यांदेखत बघणारा साक्षीदारही मिळाला, तिथे पडदे रंगवणारा पेंटर. "सुताराने मालकांना रंगमंचावर, माझ्या पडद्यापुढे मारलं," असं त्याने कोर्टात सांगितलं. आजोबा तुरुंगात गेले आणि तिथेच वारले.

ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा पाळण्यात होती. मावशी आठ वर्षांची होती, आणि तिला सगळं आठवतं. मावशीचं आठवणं आमच्या घरात हवेसारखं आहे. कधी कुंद, कधी वादळी, पण असतंच.

त्या सकाळी वर्तमानपत्रात बातमी होती. डागडुजी होऊन नाट्यगृह रविवारी पुन्हा उघडणार, पेंटरचा सत्कार होणार, त्याचा गाजलेला 'अरण्याचा पडदा' पुन्हा टांगला जाणार, आणि नाट्यगृहाला नावही त्याचंच देणार.

"मेला नाही अजून," मावशी वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली. "बरं झालं. मेला असता तर माझी पंचाईत झाली असती."

"ताई, सकाळी सकाळी," आई म्हणाली.

"मग काय दुपारी म्हणू?"

"काय करणार आहेस त्याचं?" मी विचारलं.

"त्याचा जीव घेऊन काय लोणचं घालायचंय? मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवंय. 'त्या दिवशी हातोडा हिनेच मला आणून दिला.' बास."

कारण त्या सकाळी पेंटरने निरोप धाडून आजोबांकडून हातोडा मागवला होता, आणि तो न्यायला मावशी गेली होती. रंगाच्या खोलीचं दार त्याने बोटभर उघडलं, हात बाहेर काढला, हातोडा घेतला आणि दार लावलं. मावशीने कोर्टात हे जसंच्या तसं सांगितलं. पेंटर शांतपणे म्हणाला, "ही पोर माझ्या दाराशी आलीच नव्हती. बाप सुटावा म्हणून पढवलंय तिला." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. शाळेत तिचं नाव 'हातोडी' पडलं. तिला कुणी खरं मानत नाही याची तिला इतकी सवय झाली, की आजही किती वाजले ते सांगताना ती घड्याळ पुढे करून दाखवते.

आता माझ्याबद्दल. त्याच आठवड्यात आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला होता. विषय होता 'डागाचा आकार काय सांगतो'. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज बसायचा. बक्षीस मिळाल्यापासून मात्र मला वाटायला लागलं होतं, की जगात अवघड असं काही नाहीच. लोक उगाच घाबरतात.

"मावशी," मी म्हणाले, "त्या पडद्यावरचं रक्त कुणी नीट बघितलं होतं का गं?"

मावशीने चहाचा कप खाली ठेवला.

"बघायला काय होतं त्यात? रक्त होतं. सगळ्यांना दिसलं."

"दिसलं. पण बघितलं का?"

२

मी गणवेशात, हातात वही घेऊन नाट्यगृहात गेले. शाळेच्या अंकासाठी मुलाखत हवी म्हटलं, की मोठी माणसं विरघळतात. नाट्यगृहाचे आत्ताचे मालक म्हणजे खून झालेल्या मालकांचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडली तरी सगळे त्यांना धाकटे मालकच म्हणतात. मी कुणाची नात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नाट्यगृह लहान, पडदाही लहान, दोन पुरुष उंचीचा. खाली झाडं, वर निळंशार आभाळ, आणि बरोबर मधोमध, जिथे फांद्या आभाळात शिरतात तिथे, तांबडी फुलं. प्रत्येक फूल लांब, सरळ, बारीक देठाला खाली लोंबकळत होतं. मला ती खरंच आवडली, आणि याचा नंतर मला फार राग आला.

"लोकांनी या फुलांवर लेख लिहिलेत," धाकटे मालक म्हणाले. "पण मूळ पडद्यात ती नव्हतीच. इथे खाली माझा भाऊ पडला होता. रक्त उडालं होतं. मी पडदा जाळायला निघालो होतो, पेंटरकाकांनी हात धरला. म्हणाले, जाळू नका, मी डाग झाकतो. एकेका डागाचं एकेक फूल केलं त्यांनी."

"म्हणजे फुलांखाली अजून रक्त आहे?"

"तुमच्या अंकात हे छापणार का?"

"बाई गाळतील," मी म्हणाले. "मागची बाजू बघू का? मुलांना पडद्याची पाठ कधी बघायला मिळत नाही."

त्यांना हे गोड वाटलं असावं. त्यांनी दिवा लावला आणि मला पडद्यामागे सोडलं.

रंग पुढून चढतो, रक्त आरपार जातं. मागच्या कापडावर कुणी फुलंबिलं काढली नव्हती. तिथे सुकलेले, काथासारखे तपकिरी डाग होते, पन्नास वर्षं जसेच्या तसे. उडालेलं रक्त उभ्या कापडावर आपटलं, की आधी ठिपका होतो. ठिपक्यात रक्त जास्त असलं तर ते ओघळतं, आणि ओघळ थांबतो तिथे त्याच्या टोकाला जाडसर थेंब साचतो. हे मी प्रदर्शनात इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेतही सांगेन.

इथे ठिपके होते, ओघळ होते, टोकाचे थेंबही होते. पुढून ज्यांना आपण देठ समजतो, ते देठ नव्हतेच. ते ओघळ होते. आणि सगळेच्या सगळे आभाळाकडे, वर गेले होते.

रक्त वर वाहत नाही.

३

"भवाने, हे धुणार कोण?" मावशी दारात उभी होती.

मी गच्चीत चार चादरी टांगल्या होत्या. मावशी दवाखान्याच्या धुलाईखात्यात मुकादम आहे, त्यामुळे बाद झालेल्या चादरींचा आमच्याकडे तुटवडा नाही. बिटाच्या रसात मक्याचं पीठ कालवून मी रक्ताइतपत दाट केलं होतं, आणि त्यात भिजवलेल्या स्पंजला डावाने बडवत होते. माझ्या तोंडावर, केसांत, शेजारच्यांच्या सुकत घातलेल्या गादीवर, सगळीकडे खून झाला होता.

"आधी ऐक. तो पेंटर म्हणेल, रक्त खालून वर उडालं, म्हणून रेघा वर गेल्या. बरोबर?"

"तो काहीही म्हणेल."

"म्हणून मी खालून वर उडवून बघितलं. ही चादर बघ. रेघा कशा आहेत?"

मावशीने चष्मा वर केला. "फाकल्यात. पंख्यासारख्या."

"कारण सगळे थेंब एका जागेवरून सुटले. एका जागेवरून सुटलेलं कधी समांतर जात नाही. आणि टोकं निमुळती आहेत, थेंब साचलेला नाही. आता पडद्यावरच्या रेघा." मी मागच्या बाजूचा फोटो काढून आणला होता, तो तिच्या हातात दिला. "कंगव्याच्या दातांसारख्या समांतर. प्रत्येकीच्या टोकाला थेंब. हे उडालेलं नाही, हे ओघळलेलं आहे."

"वर ओघळलेलं?"

मी फोटो फिरवला. आभाळ खाली, झाडं वर. आता सगळे ओघळ नीट, शहाण्यासारखे खाली येत होते.

मावशीने फोटो पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग तिने पदराने माझ्या कपाळावरचं बीट पुसलं, तेही जरा जोरातच.

"म्हणजे रक्त उडालं तेव्हा पडदा डोक्यावर उभा होता," मी म्हणाले. "उंचीवरून हे कुणाला कळलं नसतं. डाग मध्यावर आहेत. उलटा टांगा की सुलटा, मध्य तो मध्यच, माणसाच्या डोक्याच्या उंचीला."

"पण रंगमंचावर उलटा पडदा कोण टांगेल?" मावशी म्हणाली. "बाबांनी रोज पडदे टांगले. उलटा कधीच नाही. कुणी टांगला असता तर लोक हसून मेले असते."

"मग उलटा तो कुठे होता?"

४

त्या नाटकातली नायिका अजून गावातच राहते, तिसऱ्या मजल्यावर, एका जाड्या मांजरासोबत. जन्मभर राण्यांची कामं केली म्हणून सगळे तिला राणीसरकार म्हणतात. तिने लिपस्टिक लावून दार उघडलं आणि मला उभ्यानेच आपादमस्तक न्याहाळलं.

"शाळेचा अंक? फोटो घेणार असशील तर डावीकडून घे."

मी डावीकडून तीन फोटो घेतले, मग पेंटरबद्दल विचारलं. ती जी सुटली, ती मांजर उठून आत गेलं तरी थांबेना.

"हात सोन्याचा हो त्याचा. पण भित्रा. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय लटपटायचे. वरचं आभाळ रंगवायचं तर शिडी हवी ना? मग हा काय करायचा, पडदा उलटा करायचा. झाडं वर, आभाळ खाली. जमिनीवर उभं राहून आरामात आभाळ रंगवायचा. आम्ही चिडवायचो त्याला, तुझं आभाळ मेलं पायाशी लोळतं म्हणून."

माझी पेन्सिल वहीवर नुसतीच टेकून राहिली.

"हे रंगमंचावर?"

"छे. त्याच्या खोलीत, रंगमंचाच्या मागेच. मधे एक उंच फट ठेवलेली. पडदा झाला की दोर ओढून त्या फटीतून एकटाही रंगमंचावर आणू शके. खोलीची किल्ली कायम याच्या कमरेला. पडदा लागायच्या आधी कुणाची नजर पडता कामा नये, असं खूळ होतं. मालकांनासुद्धा दार वाजवावं लागे."

"आणि उलटा केला की पडदा हलत नसे?"

"कड चौकटीला ठोकून घ्यायचा ना."

"कशाने?"

"हातोड्याने, आणखी कशाने? याच्याकडे ब्रशाशिवाय काही नसे, सुताराकडूनच मागायचा." ती बोलता बोलता थांबली. "त्या पडद्यावरून मालकांशी वाजलंही होतं त्याचं. मालक म्हणाले, पडदा लांब झालाय, हातभर काप. कापायचं म्हटल्यावर तो असा बघत राहिला, जसं काही त्याच्या पोराचे पाय कापायला सांगितलेत."

 राणीसरकारने माझ्या हातातून वही काढून घेतली आणि मिटली.

"शाळेच्या अंकाला एवढं लागत नाही. तू त्या सुताराची कोण?"

"नात."

"वाटलंच. कपाळ तेच आहे."

"हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"आपणहून सांगायचं होतं."

"पोरी, पेंटरने तो पडदा सावरला म्हणून नाटक उभं राहिलं. मी त्यात राणी होते." तिने ओठ आवळले. लिपस्टिक दातांना लागली होती. "तू काय केलं असतंस ते मला सांगू नकोस. तू पंधरा वर्षांची आहेस."

मी सांगितलं नाही. पण रविवारी दुसऱ्या रांगेत तिची खुर्ची राखून ठेवायची, हे मी जिना उतरतानाच ठरवलं. आता तिला विचारणारं कुणीतरी होतं.

५

"बाहेर हो," धाकटे मालक म्हणाले. मी कोण ते मी आता सांगितलं होतं. "आत्ताच्या आत्ता. खुन्याच्या घरच्यांना मी पन्नास वर्षं ही पायरी चढू दिली नाही."

"जाते. एकच विचारते. तुम्ही त्या दिवशी धावत आलात तेव्हा आजोबांचा शर्ट कसा होता?"

"कसा म्हणजे? रक्ताने भरलेला."

"कुठे?"

"छातीला. पोटाला. माझ्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, नाटकी."

"आणि बाह्या?"

 हा शर्ट त्यांनी पन्नास वर्षं रोज डोळ्यांपुढे आणला असणार, पण बाह्यांपर्यंत कधी पोचले नसणार.

"पांढऱ्या," ते सावकाश म्हणाले. "पांढरा शर्ट होता. बाह्या स्वच्छ होत्या."

"जखमी माणसाला जवळ घेतलं तर रक्त एकाच जागी माखतं. हातोड्याने मारलं तर ते बारीक शिंतोड्यांनी उडतं, आणि मारणाऱ्याच्या बाहीवर आधी. पडद्यावर इतकं उडालं की ओघळ आले. मग बाही कोरी कशी?"

मग मी त्यांच्या टेबलावर फोटो ठेवले आणि गच्चीतली एक चादर पसरली. ओघळ, टोकाचे थेंब, उलटं आभाळ, कमरेची किल्ली, राणीसरकारचं बोलणं, सगळं सांगितलं. मारणारा आजोबा असते, तर त्यांना आधी त्या बंद खोलीत शिरावं लागलं असतं. आणि पडदा रंगमंचावर सुलटा टांगलेला असताना आपल्यासमोर खून झाला, असं पेंटरने शपथेवर सांगितलं होतं. पडदा सुलटा असताना रक्त उडालंच नव्हतं. म्हणजे खून खोलीत झाला, मालकांना तिथून ओढत आणलं गेलं, मागून पडदा आणून टांगला, हातोडा टाकला. जेवून परतलेल्या आजोबांनी मालकांचं डोकं उचललं, तेवढ्यात पेंटर ओरडत आला.

"पेंटरकाकांच्या कपड्यांवर रक्त नव्हतं," धाकटे मालक म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्यांच्या कपड्यांवर कायम तांबडा रंग असायचा. कोण बघणार?"

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग बोलले तेव्हा त्यांचे दात एकमेकांवर घासत होते.

"त्याने माझ्या भावाच्या रक्ताची फुलं केली. आणि मी त्याला दर वर्षी त्यासाठी गुच्छ दिला. सत्कार रद्द. मी पोलिसांना फोन लावतो."

"पोलिसांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा," मी म्हणाले. "पण सत्कार रद्द करू नका. रविवारी पडदा टांगणारी माणसं तुमचं ऐकतात ना?"

६

नाट्यगृह भरलं होतं. पेंटर पांढऱ्या कपड्यांत, काठी टेकत माईकपाशी आला. टाळ्या थांबेनात. ऐंशी वर्षांचा, पण पाठ ताठ. धाकटे मालक त्याच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागचा दर्शनी पडदा बाजूला सरला.

अरण्य उलटं होतं. झाडं छताला, आभाळ जमिनीला.

आधी लोक हसले. कुणीतरी म्हणालं, टांगणाऱ्याने सकाळीच घेतलेली दिसते. पेंटर वळला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

"उलटा टांगलाय, मूर्खांनो. खाली घ्या."

कुणी हललं नाही. हसणं हळूहळू विरलं, कारण लोक आता फुलं बघत होते. देठांवर लोंबणारी फुलं नव्हतीच तिथे. तांबडे ठिपके होते, आणि प्रत्येकातून एक धार सरळ खाली आली होती. ते काय आहे, हे ओळखायला कुणालाही विज्ञान प्रदर्शन लागलं नसतं.

तरी मी स्टेजवर चढले आणि बोलले. आवाज बसला नाही. पडद्याच्या पाठीचे फोटो शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मोठे करून दाखवले. पेंटर ऐकत राहिला, मग समजुतीने मान हलवली.

"हुशार आहेस, बाळ. पण हातोडा खालून लागला की रक्त वर उडतं. म्हणून रेघा वर. एवढंच."

"मग त्या फाकल्या असत्या," मी म्हणाले, "आणि टोकाला थेंब साचला नसता." मी चादर उलगडली. "ही वर उडवलेली. हा तुमचा पडदा. पेंटरकाका, तुम्ही चित्रकार आहात. यातल्या समांतर रेघा कुठल्या ते तुम्हीच सांगा."

त्याने चादर काठीने बाजूला सारली.

"मी पडदा कधी उलटा केलाच नाही," तो शेवटी म्हणाला.

"राणीसरकार," मी दुसऱ्या रांगेकडे वळले, "आता मी विचारते. हे आभाळ कसं रंगवायचे?"

ती उठली. वेळ घेतला, जसा रंगमंचावर घ्यायची. "उलटं करून. त्याच्या खोलीत. नेहमी. शिडीला घाबरायचा तो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला हे पन्नास वर्षं माहीत आहे."

पेंटरने बसायला मागे बघितलं. धाकट्या मालकांनी खुर्ची पुढे सरकवली, पण त्याला बसू दिलं नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "भावाने पडदा कापायला सांगितला म्हणून?" त्यांनी विचारलं. "हातभर कापडासाठी?"

"त्यांनी कात्री आणली होती," पेंटर म्हणाला. माईक चालू होता. "स्वतः कापायला निघाले होते. रंग ओला होता."

पहिल्या रांगेतला पोलीस अधिकारी उठून उभा राहिला. त्याच्या आधी मावशी उठली.

ती दवाखान्यातूनच आली होती, कामाच्या कपड्यांत. पायऱ्या चढून ती पेंटरसमोर उभी राहिली. तो तिला ओळखत नव्हता, हे दिसत होतं.

"मी कोण?" मावशीने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याची नजर खाली उतरली, आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीपर्यंत.

"सुताराची मुलगी."

"मी तुमच्या दाराशी आले होते?"

अधिकारी जवळ आला होता. धाकट्या मालकांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं.

"आली होतीस," पेंटर पुटपुटला.

"कशाला?"

"हातोडा द्यायला."

"असं तुकड्यातुकड्यांनी नको. कोर्टात कसं सबंध वाक्य बोलला होतात, तसं बोला."

त्याने ओठ ओले केले. "त्या दिवशी हातोडा हिनेच मला आणून दिला."

 मला वाटलं, झालं, आता मावशी रडेल, आई तिला मिठीत घेईल आणि आपण घरी जाऊ. मावशी रडली नाही. तिने माईक काढून त्याच्या तोंडाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी प्रेक्षकांकडे वळवली, शांतपणे, दवाखान्यातल्या रोग्याची वळवावी तशी.

"मागच्या बाकांपर्यंत गेलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा."

त्याने पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."